मुलाने ग्लो स्टिक चावून फोडली, आतलं पाणी तोंडात गेलं. ते विषारी असतं का?

तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे आणि ती चमकणारी कांडी मनगटाला बांधायची होती असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगते: घाबरू नका. तसल्या बारीक कांडीत सगळं मिळून चमचाभर द्रवही नसतं, आणि चव इतकी कडवट, झोंबरी की मुलं ते लगेच थुंकून टाकतात. त्याला चूळ भरायला लावा, ओल्या फडक्याने जीभ आणि हिरड्या पुसा, घोटभर पाणी किंवा दूध द्या. मुद्दाम उलटी काढायला लावू नका. तोंड नि घसा थोडा वेळ चुरचुरेल. मात्र उलट्या थांबेनात, गिळता येईना, धाप लागली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर उत्तरं वाचत बसू नका, सरळ दवाखाना गाठा आणि ती कांडी सोबत न्या.

रक्ताचं म्हणते ते काचेमुळे. कांडी वाकवली की कट्ट असा आवाज येतो ना, तो आतली पातळ काचेची नळी फुटल्याचा. साधारणपणे त्या नळीत हायड्रोजन पेरॉक्साइडचं सौम्य द्रावण असतं आणि बाहेरच्या प्लॅस्टिकच्या नळीत ऑक्झॅलेट एस्टर नावाचं रसायन व रंगद्रव्य. ती एकत्र आली की प्रकाश पडतो, कांडी गरम होत नाही. म्हणजे अशा चमकणाऱ्या कांडीत काचेचा चुरा असतोच. दाताने पडलेल्या बारीक भोकातून तो सहसा बाहेर येत नाही, कात्रीने कापली की येतो. कांडी कापून ते पाणी बरणीत ओतायला शिकवणारे व्हिडिओ पाहिले की मला फार राग येतो.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तरी मला खरी भीती कशाची बाळगायची हे कळलं ते भाचीमुळे. पाच वर्षांची होती. कांडीला पीळ देता देता टोक सुटलं आणि थेंब डोळ्यात उडाला. ती किंचाळायला लागली. तिला नळाखाली धरून पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहिलो, ती "मावशी, पुरे" म्हणत रडत होती. मग दिवा बंद केला, तर पापणीच्या कडेला आणि कानामागे हिरवे ठिपके अजून चमकत होते! पुन्हा धुतलं. डॉक्टरांनी बुबुळावर ओरखडा नाही ना ते तपासलं. डोळा दुसऱ्या दिवसापर्यंत लाल होता, मग निवळला. पोटात गेलेल्या थेंबापेक्षा डोळ्यात गेलेला थेंब मला म्हणूनच जास्त गंभीर वाटतो.

त्याच वेळी टेबलावर सांडलेल्या थेंबाने तिथलं पॉलिश मऊ आणि चिकट केलं होतं. याला आपण पाणी म्हणतो खरं, पण ते तेलकट असतं. अनेक कांड्यांत डायब्युटाइल थॅलेट हा द्रावक वापरतात. प्रजननक्षमतेवर आणि संप्रेरकांवर होणाऱ्या परिणामांमुळे युरोपात आणि अमेरिकेत खेळण्यांच्या मऊ प्लॅस्टिकमध्ये तो ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. ही काळजी वारंवार, दीर्घकाळ संपर्काची आहे. एकदा जिभेला लागलेल्या थेंबाने तसं काही होत नाही. तरीही पाकिटावर 'बिनविषारी' छापलंय म्हणून रोज चघळायला देण्याची ही वस्तू नव्हे. या शब्दाचा अर्थ इतकाच की चुकून थोडं गेलं तर जीव धोक्यात येत नाही.

मूळ प्रयोग तर याहून कितीतरी जहाल होता. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत एडविन चँड्रॉस या रसायनशास्त्रज्ञाने ऑक्झालिल क्लोराइड वापरून हा प्रकाश पाडला. ते रसायन त्वचा भाजणारं. पुढे अमेरिकन सायनामिड या रसायन कंपनीत मायकेल राउहट आणि सहकाऱ्यांनी त्याऐवजी वर सांगितलेले ऑक्झॅलेट एस्टर आणले, म्हणून आज ही कांडी मुलांच्या हातात देता येते.

फुटलेली कांडी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. मुलाचे हात साबणाने धुवा, नाहीतर तीच बोटं डोळ्याला लागतील. झोपवण्याआधी खोलीतला दिवा मालवून त्याची नखं, ओठांचे कोपरे आणि उशी एकदा बघा. जिथे राहिलं असेल तिथे ते चमकेल, तेवढं पुसून घ्या.