चहा चालेल का, आंबट चालेल का, आणि आई असं का बोलतेय?

मागच्या अंकात म्हटलं होतं की ऑपरेशनबद्दल काहीही विचारा, तर तुम्ही खरंच काहीही विचारलंत! मी भूलतज्ज्ञ, म्हणजे आदल्या दिवशी येऊन "तोंड उघडा, आ करा, दात हलतात का, जिना चढून दम लागतो का" विचारून जाते ती डॉक्टर, जिचं नाव नंतर कुणालाच आठवत नाही. पत्रं कापून छोटी केलीत, नावं काढलीत. औषधांचे डोस मी इथे सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

बाबांचं (वय ६६) पित्ताशयाच्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन बुधवारी दुपारी दोनला आहे. सिस्टर म्हणाल्या रात्री बारानंतर पाणीपण नाही. बाबांना शुगर आहे आणि सकाळचा चहा नाही मिळाला तर ते घर डोक्यावर घेतात. अर्धा कप दिला तर काय होईल? – सातारा

ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं, आणि ते सुद्धा तुम्ही खरं सांगितलंत तर. नाही सांगितलंत तर जे होऊ शकतं ते जास्त वाईट आहे, कारण भूल दिली की ठसका लागून घसा साफ करायची शरीराची सवयही झोपते, पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात जातं. आम्ही टेबलवर विचारतो काही खाल्लंय का, पेशंट म्हणतो छे छे, आणि आधी वॉर्डात विचारलेलं असतं तेव्हा मागे उभा मुलगा छताकडे बघत असतो. चहा-बिस्किट झालेलं असतं.

हिशोब असा, तळलेलं किंवा मटण-बिटण ८ तास आधी बंद, हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी बंद. दुधाचा चहा दुधातच मोजायचा, तो पोटात गेल्यावर पाण्यासारखा राहत नाही. साधं पाणी मात्र बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं. मग सिस्टर बारा का म्हणाल्या? कारण लिस्ट पुढेमागे होते, आधीची केस रद्द झाली की बाबांना अकरालाच आत घेतील, म्हणून सगळ्यांना सरसकट एकच वेळ सांगून टाकतात. दुपारी दोनच्या पेशंटला, तेही शुगरच्या, चौदा तास कोरडं ठेवायचं मला पटत नाही. भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, "पाणी किती वाजेपर्यंत चालेल आणि शुगरवाले म्हणून सकाळी पहिला नंबर मिळेल का?" जुन्या शुगरवाल्यांचं पोट कधीकधी हळू रिकामं होतं, तेव्हा तुमच्यासाठीचं उत्तर त्यांच्याकडूनच घ्या.

आणि गोळ्यांची पट्टी आजच दाखवा, बुधवारी नको. शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असतील तर त्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात. आठवड्यातून एकदाचं वजनाचं-शुगरचं इंजेक्शन घेत असतील तर तेही सांगा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती मनाने बंद करायची नाही, हृदयात स्टेंट असेल तर अजिबातच नाही.

माझं वय ५८, पिशवी काढायची सांगितलीय. तीस वर्षं मिश्री लावते, सुनेला माहीत नाही. डॉक्टरला सांगावंच लागेल का? ते सगळ्यांसमोर बोलतील. – बार्शी

सांगावंच लागेल, पण एकटीला सांगा. "मला जरा एकटीने बोलायचंय" एवढं म्हणायचं, मी तर स्वतःच नातेवाइकांना फाइल आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवते. पेशंटने सांगितलेलं घरच्यांना सांगत फिरायचा डॉक्टरला अधिकार नाही.

तंबाखू कुठल्याही रूपात असो, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते, बीपी-ठोके वरखाली होतात. गुटखा-सुपारीवाल्यांचं तर तोंडच दोन बोटांएवढं उघडतं आणि श्वासाची नळी घालताना आमची पळापळ होते. ४ आठवडे आधी बंद केलंत तर उत्तम, दिवस कमी असले तरी आजपासून बंद करा. जी बाई रोज सकाळी मिश्री लावते तिला दुसऱ्या दिवशी वॉर्डात जी घालमेल होते ना, तिचं कारण आम्हाला माहीत असलं तर आम्ही उगाच दुसरं काही शोधत बसत नाही. पुरुषांच्या बाबतीत हेच दारूचं. "कधीतरी घेतात" म्हणून सांगतात आणि तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, माणूस बडबडायला लागला की बायको हळूच सांगते रोज एक क्वार्टर.

पिशवी का काढायचीय हे मात्र तुम्ही लिहिलंच नाहीत. अंगावरून फार जातंय, गाठ आहे, अंग बाहेर येतंय, की नुसतं "आता काय उपयोग, काढून टाका"? शेवटचं असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या तरुणपणीच काढलेल्या पिशव्यांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती बसली. पन्नाशीनंतरचं कारण वेगळं असू शकतं, पण ते तुम्हाला स्वतःला सांगता आलं पाहिजे.

सिझर करायचं ठरलंय. पाठीत इंजेक्शन घेतलं की कंबर जन्मभर दुखते असं सगळ्याच सांगतात. पूर्ण भूल मागू का? – नाशिक

नका मागू. सुई अगदी बारीक असते, आणि मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात. टोचलेली जागा चार दिवस दुखेल. बाळंतपणानंतरची कंबरदुखी असतेच, पूर्ण भूल घेतलेल्यांना असते, नॉर्मल झालेल्यांनाही असते, कारण नऊ महिने ताणलेलं पोट आणि मग दिवसभर वाकून पाजणं. खरी लक्ष ठेवायची गोष्ट डोकेदुखी. उठून बसलं की ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं अशी असेल तर ती इंजेक्शनची, तेव्हा घरी वेदनाशामक खात बसू नका, आम्हाला सांगा, त्यावर उपाय आहे.

पित्ताशय काढून चार दिवस झाले. पोट ठीक आहे पण उजवा खांदा इतका दुखतोय की हार्टचं काही असेल का अशी भीती वाटते. आणि आता जन्मभर बिनतेलाचं खायचं का? – कोल्हापूर

खांद्याचं कारण बहुतेक गॅस. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, त्याने छाती-पोटामधला पडदा चिडतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्याने दुखणं खांद्याला जाणवतं. चालत राहिलं की दोनचार दिवसांत जातं. दम लागत असेल, छातीत दाबल्यासारखं होऊन घाम येत असेल तर मात्र मासिक बाजूला ठेवा आणि ईसीजी काढा.

पित्त लिव्हर बनवतं, रोज अर्धा ते एक लिटर, पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी होती. आता पित्त थेट आतड्यात ठिबकत राहील. काही जणांना सुरुवातीला जेवण झालं की पळावं लागतं, काही आठवड्यांत ते बसतं. म्हणून पहिले तीनचार आठवडे तेल-तूप कमी, मग थोडं थोडं वाढवत जा, तांबडा-पांढरा तुम्हाला कुणी जन्मभर बंद केलेला नाही! मुंबईत जेजेला डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातलं हे पहिलं दुर्बिणीचं ऑपरेशन केलं, तेव्हापासून बिनपित्ताशयाची लाखो माणसं लग्नात जेवतायत. फक्त डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, थंडी वाजून ताप आला किंवा पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली तर त्याच दिवशी दाखवा.

हर्नियाचं ऑपरेशन झालंय, सासूबाई आंबट देत नाहीत, भात देत नाहीत, म्हणतात पू होतो. अंघोळ पण बंद. नवऱ्याला पंधरा दिवस झोपवूनच ठेवलंय. – अहिल्यानगर

सासूबाईंची काळजी खरी आहे, पण पू जंतूंमुळे होतो, लिंबामुळे नाही. उलट जखम भरायला शरीराला सी व्हिटॅमिन लागतं आणि ते लिंबू-आवळ्यात भरपूर असतं. भाताने पू होत नाही, दह्याने होत नाही. पथ्याच्या नावाखाली पेज आणि मऊ भाजी एवढ्यावर ठेवलेला माणूस आठवड्यात गळून जातो, त्याला अंडी, डाळ, उसळ, पनीर, जे चालतं ते द्या. पाणी आणि भाजी-फळं भरपूर, कारण काही वेदनाशामक गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं आणि हर्नियाच्या माणसाने कुंथणं म्हणजे टाक्यांवर जोर. जखमेला हळद, राख, खोबरेल काही लावायचं नाही. साधारण दोन दिवसांनी वरून पाणी घेऊन अंघोळ चालते, तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं नसेल तर, फक्त घासायचं नाही आणि टिपून कोरडं करायचं.

आणि उठवा हो त्यांना. पडून राहिलं की पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते, फुप्फुसात कफ साचतो. खोकताना जखमेवर उशी दाबून धरायची, सगळ्यांना जमतं. एकच पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा एकाएकी दम लागला तर वाट बघायची नाही. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवू नका, डिस्चार्ज कार्ड घेऊन त्यांनाच डॉक्टरकडे फॉलोअपला घेऊन जा, डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की लिंबू परत येतं.

आईचं (७८) खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन छान झालं म्हणाले. दुसऱ्या रात्री तिने मला ओळखलं नाही, सलाईन ओढून काढलं, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणाली, वारलेल्या मामाला हाका मारत होती. सकाळी परत शहाण्यासारखी. नातेवाईक म्हणतात भूल जास्त झाली. – ठाणे

या विषयावर सगळ्यात जास्त पत्रं आली, पाच घरांतून जवळपास हेच. याला डिलिरियम म्हणतात आणि खुब्याच्या फ्रॅक्चरच्या वयस्कर पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं, तरी आधी कुणी सांगत नाही आणि मग रात्री दोन वाजता मुलगी कॉरिडॉरमध्ये रडत असते.

भूल "जास्त" झाली असं याचं उत्तर नाही. पाठीतलं इंजेक्शन आणि पूर्ण भूल यांची तुलना करून झालीय, डिलिरियममध्ये म्हणण्यासारखा फरक सापडलेला नाही. बहुतेक वेळा चारपाच गोष्टी एकत्र येतात, दुखणं, झोप न होणं, लघवी तुंबणं किंवा लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, शौचाला न होणं, एखादं नवीन औषध. म्हणून "म्हातारपणाचं आहे" म्हणून कुणी उडवून लावलं तर डॉक्टरांना म्हणा रक्तातलं सोडियम, ऑक्सिजन आणि लघवी बघितलीत का.

तुमच्या हातातलं पण बरंच आहे. दाखल करताना चष्मा, कवळी, कानाचं मशीन सगळं पिशवीत घालून घरी पाठवतात, ते आधी परत आणा. जिला दिसत नाही, ऐकू येत नाही, चावता येत नाही, तिला त्या खोलीत काय कळणार? समोर दिसेल असं घड्याळ ठेवा, दिवसा पडदे उघडे आणि रात्री दिवा मंद. रात्री ओळखीचं एकच माणूस, दर दोन तासांनी पाळी बदलून नवा चेहरा नको. मुंग्या नाहीत म्हणून वाद घालू नका, "मी आहे, मी बघते, तू ठाण्याला हॉस्पिटलमध्ये आहेस, पायाचं ऑपरेशन झालंय" एवढंच परत परत. हात बांधू देऊ नका, शक्यतो. घरून झोपेची गोळी आणून देऊ नका, त्याने जास्त बिघडतं. पण ती रोजच घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, एकदम बंद झाल्यानेही असं होतं. आणि दिवसा खुर्चीत बसवा.

एक प्रकार लक्षातच येत नाही. पेशंट ओरडत नाही, गप्प पडून राहतो, जेवत नाही, आणि सगळे म्हणतात किती शांत आहेत आजी. तोही डिलिरियमच.

बहुतेकांना काही दिवसांत उतरतं, काहींना काही आठवडे लागतात. दोनतीन महिन्यांनीही विसरभोळेपणा वाढलेला वाटला तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. त्या रात्री तुम्हाला जे बोलली ते मनाला लावून घेऊ नका, तिला बहुतेक आठवणारही नाही.

सही करताना फॉर्म कोरा होता. "सगळे करतात" म्हणाले. – छत्रपती संभाजीनगर

सगळे करतात हे खरं, आणि चूक आहे हेही खरं. कुठलं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं, काय धोका, दुसरा पर्याय काय, हे तुम्हाला कळणाऱ्या भाषेत सांगून लिहिलेलं पाहिजे. समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये स्पष्ट केलंय, बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी आत गेली होती, ती भुलीत असताना बाहेर आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले, कोर्ट म्हणालं ही संमती चालणार नाही, जीव धोक्यात नसेल तर थांबून तिलाच विचारायला हवं होतं. तेव्हा फॉर्म भरून घ्या, वाचा, मग सही. पैशांचाही प्रश्न त्याच टेबलवर विचारून टाका, महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का हे हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र सांगतात, पण ते भरती होण्याआधी विचारलेलं बरं.

गुडघा बदलून सहा आठवडे झाले. अजून गरम लागतो आणि टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर आहे. – पुणे

दोन्ही चालतं. गरमपणा काही महिने राहतो, बधिर पट्टा हळूहळू आकसतो पण थोडासा कायम राहू शकतो. लाली वाढतेय, पाणी येतंय, ताप आहे असं असेल तर लगेच दाखवा. व्यायाम मात्र दुखतंय म्हणून सोडू नका, गोळी घेऊन अर्ध्या तासाने करा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय लागली असेल तर आजच ती उशी काढा, गुडघा वाकडाच राहतो त्याने.

अपेंडिक्स काढून बारा दिवस झाले, टाके निघाले. स्कूटी कधी चालवू? – रत्नागिरी

बंद स्कूटीवर बसा, स्टँडवरून काढा, मग एकदम समोर म्हैस आली असं समजून दोन्ही ब्रेक करकचून दाबा आणि पाय टेका. पोटात कळ आली तर अजून आठवडाभर रिक्षा. नाही आली आणि गुंगीची कुठली गोळी चालू नसेल तर सर्जनना एक फोन करा आणि निघा, पण मागे सिलिंडर लादून नाही.