सायलेन्सर आतून सडतो

प्रीमियर पद्मिनी गाडी घेतलीस, झकास. पण सायलेन्सरला चंदेरी रंग फासून निवांत होऊ नकोस, तो आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन धुरात जातं. पुण्यात कोथरूडहून डेक्कनला, एवढ्याशा अंतरावर जाऊन गाडी बंद केलीस तर मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, तापतच नाही, पाणी आतच साचतं. माझा डबा वरून चकाचक होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक जरा दाबलं तर थेट आत, आणि हातावर चहाच्या भुकटीसारखा गंज.

म्हणून आठवड्यातून एकदा सलग अर्धा-पाऊण तास चालव. जुना कात्रज घाट चढवलास तर उत्तमच. पार्किंगमध्ये पाच मिनिटं नुसती सुरू ठेवणं सगळ्यात वाईट, शेजारीही वैतागतात! साचलेलं पाणी निथळायला डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं भोक पाड.

मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणारा लोखंडी भाग, वायरब्रशने घासून, थिनरने पुसून ६०० अंश सोसणारा हीटप्रूफ रंग पातळ दोन हात दे. तो इंजिनाच्या उष्णतेनेच पक्का होतो. साध्या ऑइलपेंटचे पोपडे निघतात. गाडीच्या तळाला लावतात ते अंडरबॉडी कोटिंग मात्र एक्झॉस्टला, म्हणजे धुराच्या पाइपला न् डब्याला, चुकूनही लावू नकोस, पेट घेईल. बोल्टांना कॉपर ग्रीस लाव, पुढच्या वेळी छिन्नी-हातोडा लागणार नाही.