झाकण

चिऊ,

शनिवारी थिएटरमधून परत येताना गाडीत मागून तू विचारलंस, "आई, तिकिटाचे पैसे देतो ना आपण? मग खायचं चोरून का नेतो? मराठी लोक असेच असतात का?" मी सिग्नलकडे बघत राहिले. बाबांनी रेडिओ मोठा केला, म्हणजे उत्तर माझ्यावर ढकललं.

'चोरून' हा शब्द लागला मला. तुझं चुकलं असं नाही. पर्समधून स्टीलचा डबा निघाला, झाकण वाजलं, पुढच्या रांगेतली तुझ्या वर्गातली मुलगी वळून बघायला लागली आणि हिंग-कढीपत्त्याचा वास सगळीकडे पसरला. तू खुर्चीत खाली खाली सरकत गेलीस, ते अंधारातही दिसलं मला.

हे मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत सांगायला गेले की मी वकिलासारखी बोलते. वाचायला वेळ लागेल तुला. अडलं तर बाबांना विचार.

आमचं नागपूरच्या महाल भागातलं घर तू पाहिलंस ते अर्धंच. मी लहान होते तेव्हा त्यात सोळा माणसं राहायची. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी कुणी कुणाशी बोलत नसे. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी मारायची पाळी आम्हा पोट्ट्यांची, आणि पाळीवरून रोज मारामारी. अशात एखाद्या दिवशी नाना कचेरीतून आले की उगाच म्हणायचे, "उद्या बाराचा शो बघून राहिलो आपण." झालं! बाहेर 'एअर कूल्ड' लिहिलेल्या टॉकीजमध्ये तीन तास गारव्यात बसायला मिळणार. सिनेमा कोणता, हे आम्ही नंतर विचारायचो.

तीन सायकलरिक्षा लागायच्या. बडकस चौकातून निघून लोहापुलाखालून बर्डीला. पुलाखालून जाताना वर आगगाडी असली तर सिनेमा चांगला निघतो, हा आमचा शोध. मागच्या डिसेंबरात मेट्रोतून उतरल्यावर गांधीजींच्या पुतळ्यापाशी तू विचारलं होतंस की याला व्हरायटी चौक का म्हणतात, इथे कसली व्हरायटी मिळते. टॉकीजचं नाव आहे ते. पंचशील चौक, सदरचा लिबर्टी चौक, हीसुद्धा टॉकीजचीच नावं. माझ्या डोक्यातला नागपूरचा नकाशा अजून याच नावांचा आहे. ऑटोवाल्याला नवा पत्ता सांगितला की तो विचारतो, "म्हणजे अलंकार टॉकीजच्या तिकडे का?"

आता डबा. तो मोठ्या आईच्या ताब्यात. (बैठकीतल्या फोटोतली, नाकात मोठी चमकी असलेली. माझी आजी, पण सगळे तिला मोठी आईच म्हणायचे.) दुधात भिजवलेल्या दशम्या, कैरीचं लोणचं, फल्लीदाणे घातलेला मुरमुऱ्यांचा चिवडा आणि थर्मासमध्ये पन्हं. हिवाळ्यात असेल तर सांबारवडी. सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे, हे तुला किती वेळा सांगितलंय. सोळा जणांना इंटरव्हलमध्ये आलुबोंडे घ्यायचे तर नानांचा पगार तिथेच संपला असता. म्हणून डबा. इतकं साधं आहे ते. डोअरकीपर टॉर्च मारून जागा दाखवायचा, तेव्हा डबे त्याला दिसायचेच. त्याचं काही म्हणणं नसायचं. आणि हे मराठी वगैरे काही नाही. आमच्या शेजारचे मारवाडी आमच्याहून मोठे डबे आणायचे, वर गादीसारखी एक चादरसुद्धा.

सिनेमाआधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट असायचा. कुठे पूर, कुठे धरण, कुणीतरी फीत कापतंय. आम्ही कंटाळायचो. मोठी आई मात्र डोळे लावून बघायची. तिकिटात आहे ना, मग बघायचं. माझा कंजूषपणा कुठून आला, हे तुला कळलं असेल.

ती आधी सिनेमाला येतच नसे. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' आला आणि ती पहिल्यांदा निघाली. मी मांडीवर होते. मला काही आठवत नाही, पण इतक्यांदा ऐकलंय की आठवतंय असंच वाटतं. देशभर लोक चपला काढून तो बघत होते, पडद्यावर नाणी उधळत होते, आरत्या करत होते. मोठ्या आईनेही चपला काढल्या आणि येताना कुणाच्या तरी घालून आली. त्या दिवशी डब्यात लोणचं नव्हतं, कारण संतोषीमातेच्या व्रताला आंबट चालत नाही. फक्त गूळ-फुटाणे. देवीला नैवेद्य दाखवला आणि मग रांगेत वाटला. टॉकीज कोणती, यावर आत्या आणि काकूचं अजून भांडण होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुला अकरावं लागलं होतं तेव्हा मी अर्धं सांगितलं होतं, गंमत म्हणून. नानांना बोनस मिळाला होता म्हणून आम्ही पहिल्यांदाच बाल्कनीत बसलो. पडद्यावर नायकाची आई शेवटचं काहीतरी बोलत होती, सगळी टॉकीज चिडीचूप, आणि आत्याच्या हातून डब्याचं झाकण सुटलं. बाल्कनी उतरती. ठण, ठण, ठण करत ते एकेक पायरी उतरत गेलं आणि पार कठड्याला जाऊन आपटलं. नायकाची आई मेली आणि लोक हसले. मी खुर्चीत खाली सरकले. शनिवारी तू सरकलीस, अगदी तशीच.

थोड्या वेळाने झाकण परत आलं. पुढच्या रांगेतून मागे, मागून आणखी मागे, अनोळखी हातांतून वर येत येत. आणि त्यात कुणीतरी मूठभर फुटाणे टाकले होते.

एवढंच सांगितलं होतं तुला. तुला ते खूप आवडलं होतं, शाळेत त्यावर लिहिलंही होतंस. पुढचं असं, की मोठ्या आईने ते फुटाणे खाल्ले नाहीत. आम्हालाही खाऊ दिले नाहीत. झाकण रुमालाने पुसलं आणि हळूच म्हणाली, "कोणाचे हात लागले कोण जाणे." फुटाणे खुर्चीखाली गेले. ती बाहेरचं खात नसे, हे आम्ही सगळे कौतुकाने सांगायचो. आलुबोंडा परवडत नव्हता हे खरं. पण परवडला असता तरी तिने तळणाऱ्याचं आडनाव विचारलं असतं, हेही खरं. त्या डब्यात माया किती आणि हे दुसरं किती, मला आजही वेगळं करता येत नाही. ती जाऊन वीस वर्षं झाली. तिच्या हातची दशमी मला अजून स्वप्नात दिसते, आणि ते फुटाणेही दिसतात.

म्हणून तू 'चोरून' म्हणालीस तेव्हा मला राग आला, आणि रागावायचा मला फारसा हक्क नाही हेही लगेच कळलं.

बाबा म्हणतात, कायदाही तुझ्याच बाजूने आहे. जानेवारी २०२३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेरचं खाणं आत आणू द्यायचं की नाही, हे थिएटरचा मालक ठरवू शकतो. फक्त प्यायचं पाणी फुकट द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवायचं नाही. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड, म्हणजे आपलाच मराठी माणूस, त्यांनी जिलबीचं उदाहरण दिलं होतं. जिलबी खाऊन चिकट बोटं खुर्चीला पुसली तर साफ कोण करणार? मला चटकन नागपूरच्या त्या खुर्च्या आठवल्या. त्यांना आम्ही काय काय पुसलंय! बाकी जाऊ दे.

तुझ्यावर काही लादायचं म्हणून हे लिहीत नाहीये. लादतेय असं वाटलं तर तसं सांग, तोंडावर सांग, गाडीत सांगितलंस तसंच. तुला पॉपकॉर्न हवं तर घेऊ. मोठं नको, उरतं आणि मग मला ते संपवावं लागतं. तुझ्या त्या मैत्रिणीलाही बोलाव हवं तर.

मी डबा आणणार नाही. थोडे फल्लीदाणे असतील पर्समध्ये, कागदाच्या पुडीत. प्लॅस्टिकची फार वाजते.

तुझी
आई