४० लाखांचं ब्रँड आउटलेट की ९ लाखांची खानावळ?

प्रश्न: मी नागपुरात मनीषनगरला राहते, वय ४४. यजमान नोकरीत आहेत, मुलगा दहावीत. प्लॉट विकून २६ लाख हातात आलेत. एका मोठ्या पिझ्झा-बर्गर साखळीची फ्रँचायझी ३५ लाखांत मिळतेय. कंपनीच्या तक्त्यात महिना ९ लाखांच्या विक्रीवर २ लाख ३७ हजार नफा दाखवलाय. माझा भाचा सावजी भोजनालयात स्वयंपाकी आहे. तो म्हणतो, आपलंच काढू; सकाळी तर्री-पोहा (पोह्यावर चण्याचा तिखट रस्सा), दुपारी जेवण. घरचे म्हणतात ब्रँड घे, डोक्याला ताप नाही. तक्ता आणि कराराचा मसुदा सोबत पाठवतेय. काय करू?

उत्तर: ताई, कंपनीच्या तक्त्यात तीन खर्च धरलेलेच नाहीत आणि नफा तिथेच गळतो.

रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून हाच नियम आहे. म्हणजे तुम्ही दुसऱ्याला जो १८ टक्के कर भराल तो खिशातूनच गेला. मसुद्यात रॉयल्टी ६ आणि जाहिरात २ टक्के आहे. ९ लाखांवर ते ७२ हजार, त्यावरचा कर १२,९६०. भाडं ७० हजार, त्यावर १२,६००. जागामालक जीएसटीत नसला तरी १० ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या भाड्यावरचा हा कर रिव्हर्स चार्जने नोंदणीकृत भाडेकरूलाच भरावा लागतो. तिसरा खर्च सगळ्यात मोठा. निम्मी विक्री ऑनलाइन होईल असं कंपनीच म्हणते. साडेचार लाखांवर २५ टक्के कमिशन आणि त्यावरचा कर मिळून १,३२,७५० होतात. झोमॅटो-स्विगीच्या ऑर्डरवरचा जेवणाचा ५ टक्के कर जानेवारी २०२२ पासून तेच भरतात, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की तिकडचा कर मिटला. कमिशनवरचा कर तुमचाच.

हे तिन्ही वजा केले की २,३७,००० चे ७८,६९० उरतात.

गुंतवणूकही ३५ लाखांत भागत नाही. फ्रँचायझी फी ६ लाख आणि फर्निचर-यंत्रं २२ लाख, यांवर १८ टक्के म्हणजे आणखी ५ लाख ४ हजार. एकूण ४० लाख धरा. २६ तुमचे, १४ लाख कर्ज. १२ टक्के दराने ५ वर्षांचा हप्ता ३१,१४२. हातात साडेसत्तेचाळीस हजार राहतात, तेही विक्री ९ लाखांना पोचली तर. ती ६ लाखांवर अडकली, तर दुकान दरमहा सुमारे ३१,७०० तोट्यात आणि हप्ता वेगळा. म्हणजे घरातून महिन्याला ६३ हजार घालायचे. हप्त्यासकट बरोबरीला यायलाच ७ लाख ७१ हजारांची विक्री लागते. सरासरी बिल २५० धरलं तर तीसही दिवस रोज १०३ बिलं.

१०३ बिलं होतात का, हे कंपनीला विचारू नका. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे दुसऱ्या आउटलेटचे आकडे दाखवायला ती बांधील नाही. याच साखळीचं शहरात जे आउटलेट चालू आहे तिथे उघडताच एक कोल्ड्रिंक घ्या आणि बंद होताना एक. दोन्ही बिलांचे अनुक्रमांक वजा केले की त्या दिवसाची बिलं कळतात. मंगळवार आणि रविवार, दोन्ही दिवस करा. ऑनलाइन ऑर्डरची मालिका कधी वेगळी असते, म्हणून काउंटरवर येणारे डिलिव्हरीवाले तासभर मोजा. धरमपेठ किंवा सदरच्या आउटलेटवरून मनीषनगरचा अंदाज बांधू नका. तिथली संध्याकाळची गर्दी निराळी.

मसुद्यात आणखी दोन गोष्टी खटकल्या. करार ५ वर्षांचा, पण जागेचा लीव्ह अँड लायसन्स ३ वर्षांचा. चौथ्या वर्षी मालकाने जागा मागितली तर २२ लाखांचं फर्निचर कोणत्या भिंतीला लावणार? शिवाय तुमच्या पिनकोडमध्ये कंपनी दुसरं आउटलेट किंवा क्लाउड किचन (फक्त डिलिव्हरीचं स्वयंपाकघर) काढणार नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही.

आता भाच्याची खानावळ. यात सोनं नाही, हे आधी सांगते. आतल्या रस्त्यावर ३५० चौरस फुटांची जागा, भाडं २८ हजार. भट्टी, एक्झॉस्ट, स्टीलची टेबलं, डीप फ्रीझर आणि डिपॉझिट धरून ९ लाख. पोहे १२० प्लेट ३० रुपयांनी, जेवण ३६ थाळ्या १५० नी: दिवसाला ९ हजार, २६ दिवसांचे २ लाख ३४ हजार. माल ४२ टक्के, म्हणजे ९८,२८०. भाच्यासह तिघांचा पगार ४८ हजार, गॅस-वीज १७ हजार, किरकोळ ९ हजार. वर्षाची विक्री २० लाखांच्या वर जाते, म्हणून जीएसटी नोंदणी लागेलच. कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, घ्या: दीड कोटींपर्यंत चालतं, विक्रीच्या ५ टक्के भरायचे, गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत. भाड्यावरचा रिव्हर्स चार्ज मात्र टळतो. उरतात सुमारे २२ हजार. बरोबरी दिवसाला ७,४०० वर. झोमॅटो-स्विगी सध्या नको. १५० च्या थाळीतले ४४ रुपये तिकडे जातील.

इथे पैसा गळतो तो तर्रीत. एका किलोत साधारण २० प्लेट पोहे होतात, ते मोजता येतात. पण नागपुरात दुसऱ्यांदा तर्री मागितली की नाही म्हणता येत नाही, आणि वर तरंगतं ते तेल महाग. पळी लहान ठेवा, तर्री हवी तेवढी द्या, पण चणे पहिल्याच वाढणीत. रोज सकाळी तेलाचा डबा वजन करून लिहा. भिवापुरी मिरची आणि खडे मसाले हंगामात कळमन्याच्या बाजारातून घाऊक घ्या. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर भट्टीला लावू नका. ते नियमात बसत नाही, विमा कंपनीही हात वर करते. १९ किलोचंच घ्या.

खरी जोखीम भाचा आहे. मसाल्याचं माप त्याच्या हातात असेल आणि उद्या त्याने दुसरीकडे पाय काढला, तर दुकान त्याच्यासोबत गेलं. पहिल्याच महिन्यात प्रत्येक वाटण ग्रॅममध्ये लिहून घ्या, दुसऱ्या माणसाकडून करवून बघा. त्याला पगार द्या आणि नफ्यात १५-२० टक्के वाटा लेखी द्या. नात्यात तोंडी हिशेब ठेवू नका. श्रावणात आणि नवरात्रात मटण-चिकनची थाळी बसते, त्या दिवसांत पाटोडी रस्सा आणि वडा-भात पुढे करा. मे महिन्यात दुपारी रस्ते ओस पडतात, तेव्हा पार्सलवर भर हवा. म्हणून उघडायचं तर दिवाळीनंतर.

माझं मत: फ्रँचायझी घेऊ नका. बिलांचा आकडा दोन्ही दिवशी १३० च्या वर निघाला आणि पिनकोडची अट लिहून मिळाली, तरच फेरविचार. खानावळीत ९ लाखच घाला. उरलेल्या १७ लाखांची मुलाच्या नावाचा विचार न करता तुमच्याच नावावर वेगवेगळ्या मुदतींची एफडी करा. ७ टक्के धरले तरी महिन्याला ९,९०० व्याज. अडीनडीला एफडी मोडण्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. सहा महिन्यांनंतरही सरासरी गल्ला ७,४०० च्या खाली राहिला, तर आणखी पैसे न घालता बंद करा. फ्रीझर आणि स्टील जुन्या बाजारात विकलं जातं, ब्रँडचा बोर्ड विकला जात नाही.

प्लॉटच्या नफ्यावरचा कर भरला का, हे पत्रात नाही. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेला असेल तर इंडेक्सेशनशिवाय (खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता) १२.५ टक्के, २३ जुलै २०२४ आधी घेतलेला असेल तर इंडेक्सेशनसह २० टक्के, यांत जो कमी बसेल तो. तो कर आणि अॅडव्हान्स टॅक्सची तारीख सीएकडून काढून घ्या. कर बाकी असेल तर एफडी १७ लाखांची नाही, तेवढ्याने कमी करावी लागेल.