सेकंड हँड गाडीतलं कूलंट कमी होतंय, पण खाली थेंब दिसत नाही. गळती कशी शोधावी?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल हॅचबॅक घेऊन जेमतेम महिना झालाय, डब्यातलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आलंय आणि जमिनीवर डाग नाही. एक गॅरेजवाला रेडिएटर बदला म्हणतो, दुसरा थेट हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. माझं नाशिकला गॅरेज आहे, अशा गाड्या नेहमी येतात. गळती कुठे आहे हे कुणी दाखवून देईपर्यंत एकही पार्ट बदलू देऊ नका.

आधी खरंच गळती आहे का ते बघा. विकण्यापूर्वी कुणी कूलंट बदललं असेल आणि आतली हवा नीट काढली नसेल, तर ती हवा नंतर निघत जाते आणि पातळी एकदा उतरते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना वरच्या खुणेपर्यंत भरा, डब्यावर मार्करने रेघ मारा, फोटो काढून ठेवा. रोज सकाळीच बघा, कारण गरम इंजिनवर पातळी वर दिसते. एकदा उतरून थांबली तर काळजी नाही.

उतरतच राहिली, तर थेंब का दिसत नाही? बऱ्याच गाड्यांना इंजिनखाली प्लास्टिकचं कव्हर असतं. गळलेलं त्यात साचतं आणि भलतीकडेच टपकतं. गरम एक्झॉस्टवर पडलेला थेंब तर जागच्या जागी उडून जातो, मागे फक्त गोडसर वास राहतो. शिवाय विकताना इंजिन धुऊन चकाचक केलेलं असतं, म्हणजे जुना मागही गेला. आता नवा माग शोधायचा. होज पाइपच्या क्लिपा, थर्मोस्टॅटची (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) जागा आणि रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जाळीला जिथे जोडलेली असते तो जोड, हे टॉर्च लावून बघा. कूलंट सुकलं की हिरवट, गुलाबी किंवा पांढरी पापडी धरते, बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर धरते तशी. ती दिसली की गळती तिथे किंवा तिच्या वर. वॉटर पंपालाही एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर येतं, मग पंपच बदलायचा.

सगळ्यात चकवते ती थंडपणीची गळती. हिवाळ्यात माझ्याकडे एक गाडी आली होती, दुपारी कितीही तपासली तरी कोरडी. रात्री ठेवून घेतली, तर पहाटे वरच्या होजच्या क्लिपखाली थेंब धरलेला. रबर म्हातारं होऊन कडक झालेलं, थंडीत जोड आकसून सैल व्हायचा आणि इंजिन तापलं की पुन्हा घट्ट. होज आणि क्लिप बदलली, काम झालं. त्या गाडीलाही आधी कुणीतरी रेडिएटर सांगितला होता.

म्हणून गॅरेजला प्रेशर टेस्ट करायला सांगा, तीही थंड इंजिनवर. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या डब्याच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात. अनेक गाड्यांत तो 1.1 बारच्या आसपास असतो. पंपावरचा दाबाचा काटा दहा-पंधरा मिनिटं हलला नाही तर बाहेर गळती नाही. झाकणही तपासून घ्या. त्याची स्प्रिंग किंवा रबर गेलं असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट बाहेर फेकलं जातं.

एसी लावल्यावर खाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी सोडून द्या. पण आत मॅटखाली चिकट ओल आणि समोरच्या काचेवर तेलकट वाफ असेल तर हीटर कोर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय.

बाहेर काहीच सापडलं नाही तरच हेड गॅस्केटचा विचार. थंड इंजिन चालू केल्यावर लगेच वरचा होज दगडासारखा कडक होतो का, डब्यात सतत बुडबुडे येतात का, इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, हे बघा. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांमुळे ऑइलच्या झाकणाला आतून पांढरट थर धरतो, तेवढ्यावरून हेड उतरवू देऊ नका. निळ्या द्रवाची टेस्ट मिळते. कूलंटच्या टाकीत जळका गॅस येत असेल तर तो द्रव पेट्रोल गाडीत पिवळा पडतो.

गळती बंद करायची पावडर किंवा ड्रायव्हर लोक टाकतात ती हळद, दोन्ही नको. रेडिएटर आणि हीटर कोरच्या बारीक नळ्या तुंबतात, आणि मग खरोखरच रेडिएटर बदलावा लागतो.

निदान होईपर्यंत कसारा घाट, खंबाटकी घाट टाळा. कूलंट फारच उतरलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि तापमानाचा काटा गरम दाखवतच नाही, लाल दिव्यावरही भरवसा ठेवता येत नाही. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका. डीलरने वॉरंटी दिली असेल तर गॅरेजवाल्याने काही खोलण्याआधी रोजच्या रेघेचे फोटो आणि टेस्टचा निकाल डीलरला पाठवा, कारण एकदा बाहेर इंजिन खोललं की ते हात वर करतात.