पॅराट्रूपरमधला ‘पॅरा’ ग्रीक नव्हे!

प्रश्न असा आहे: विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्या पॅराट्रूपरला मराठीत ‘छत्रीधारी सैनिक’ म्हणावं का, आणि पॅराट्रूपर, पॅरामिलिटरी, पॅरामेडिक या शब्दांतला ‘पॅरा’ एकच का?

दुसरा भाग आधी, कारण तिथली चूक फार बोकाळली आहे. निमलष्करी दलांना सर्रास ‘पॅरा फोर्स’ म्हणतात. ऐकणाऱ्याने काय समजायचं? निवडणुकीच्या बंदोबस्तावरचा जवान विमानातून उतरला? पॅरामिलिटरीतला ‘पॅरा’ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ ‘शेजारी, जोडीला’. पॅरलल, पॅराग्राफ हे त्याच घरातले. त्यासाठी मराठीत ‘निमलष्करी’ हा उत्तम शब्द आहे. फारसी ‘नीम’ म्हणजे अर्धा. त्याचा सख्खा भाऊ संस्कृतात ‘नेम’, तोही अर्धाच. पाणिनीने सर्वनामांच्या सूत्रांत त्याची दखल घेतली आहे. एवढा नेमका शब्द हाताशी असताना ‘पॅरा फोर्स’ कशाला हवं?

पॅराट्रूपरमधला ‘पॅरा’ म्हणजे ‘पॅराशूट’ची तोडलेली पहिली अर्धी बाजू. (‘ट्रूपर’ हा मूळचा घोडदळातला स्वार, त्यावर जास्त बोलायला नको.) पॅराशूट हा शब्द लुई-सेबास्तियाँ लनॉरमाँ या फ्रेंच माणसाने घडवला. डिसेंबर १७८३मध्ये त्याने माँपेलिएच्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून उडी घेतली. आग लागलेल्या इमारतीतून माणसांना सुखरूप उतरता यावं, हा त्याचा हेतू. यातला ‘शूट’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘पडणं’. बंदुकीच्या ‘शूट’शी त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि ‘पॅरा’? तो इटालियन ‘पारारे’ या क्रियापदाचा: वार अडवणं, थोपवणं. ‘पारासोले’ म्हणजे ऊन अडवणारी. ‘पारापेत्तो’ म्हणजे छाती राखणारी, तटावरची छातीएवढी भिंत. गच्चीच्या कठड्याला आपण पॅरापेट म्हणतो तो हाच. फ्रेंचांनी हा साचा उचलला आणि पाऊस अडवणारी, वीज अडवणारा असे शब्द पाडत नेले. त्यांतच हा पडणं अडवणारा. क्रियापद आधी, कर्म नंतर. मराठीत नेमकं उलट चालतं: पायपुसणं, कानकोरणं, खिसेकापू. कर्म पुढे, क्रिया मागे. लनॉरमाँ मराठी असता तर त्याने ‘पडणंरोखू’सारखं काहीतरी केलं असतं.

आता खरी गंमत. हा ‘पारारे’ लॅटिनमधून आला, तिथे त्याचा अर्थ ‘तयार करणं, सज्ज ठेवणं’. त्याच धातूपासून ‘परेड’ निघाली. तेव्हा छावणीतली परेड आणि पॅराशूट ही भावंडं आहेत, आणि ज्या पॅरामिलिटरीला आपण त्यांच्या रांगेत उभं करतो ती परक्या घरची.

काही जाणकार इथे ‘पॅराडॉक्स’ (विरोधाभास) पुढे करतात. त्यात ग्रीक ‘पॅरा’चा अर्थ ‘विरुद्ध’ आहे, म्हणून पॅराशूट म्हणजे ‘पडण्याविरुद्ध’. हा तर्क टिकत नाही. पॅरासोल आणि पॅरापेट हे शब्द पॅराशूटच्या आधीपासून रुळलेले, दोन्ही उघडउघड इटालियन, दोन्हींत क्रियापद जिवंत. साचा समोर दिसत असताना ग्रीकपर्यंत धावणं म्हणजे मोठ्या नावाला भुलणं. अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही, हे कोश हाताळणाऱ्यांना तरी ठाऊक असावं.

पॅरामेडिकचं प्रकरण दुहेरी आहे. रुग्णवाहिकेतला पॅरामेडिक ग्रीक ‘पॅरा’चा. पण १९५०च्या दशकात अमेरिकी लष्करात छत्रीने उतरणाऱ्या वैद्यकीय मदतनिसालाही पॅरामेडिक म्हणत, आणि तो ‘पॅरा’ पॅराशूटचा. भारताच्या ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स या लष्करी वैद्यकीय दलाच्या नावातलाही पॅराशूटचाच. त्या दलाच्या पथकाने २३ मार्च १९५१ रोजी कोरियात मुनसानजवळ अमेरिकेच्या १८७व्या रेजिमेंटसोबत उडी घेतली होती.

या १८७व्या रेजिमेंटचं टोपणनाव ‘राक्कासान’. जपानीत पॅराशूटला हाच शब्द आहे, आणि त्याची फोड होते ‘खाली पडणारी छत्री’. जर्मन ‘फालशिर्म’मधला ‘शिर्म’ म्हणजे आडोसा आणि छत्रीही. म्हणजे ‘छत्री’ हा मराठीचा अडाणीपणा आहे, हा आक्षेप खोटा. आंद्रे-जाक गार्नरँने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये फुग्यातून उडी घेतली तेव्हा त्याची रेशमी छत्री मिटलेल्या छत्रीसारखीच दिसत होती, मधोमध दांडाही होता. माथ्याला छिद्र मात्र नव्हतं. आत कोंडलेली हवा कधी या काठाने तर कधी त्या काठाने निसटते, आणि छत्री लंबकासारखी झुलते. गार्नरँ तसाच भयंकर हेलकावत खाली आला. पुढे माथ्याला छिद्र ठेवू लागले ते यासाठी.

‘छत्री’ चालेल, ‘धारी’ चालणार नाही. धारी म्हणजे धारण करणारा. छत्रधारी म्हटलं की छत्र धरलेला सेवक किंवा छत्राखालचा राजा आठवतो. पॅराट्रूपर छत्री धरत नाही, तो पट्ट्यांच्या साजाने तिला टांगलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन छत्रीत तर सगळ्या दोऱ्या पाठीमागे एका जागी जोडलेल्या. सैनिकाचा हात त्यांना पोहोचतच नसे. तो हात पसरून विमानातून झेपावायचा, पुढे झुकलेला उतरायचा, हातागुडघ्यांवर आपटायचा; म्हणून गुडघ्यांना जाड गाद्या. रायफली आणि मशीनगन वेगळ्या पेटाऱ्यांतून टाकत. मे १९४१मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर पेटारा सापडेपर्यंत अनेकांच्या हाती फक्त पिस्तूल आणि हातबाँब होते. याला ‘धारी’ कसं म्हणायचं?

आणखी एक वाक्य हटकून चुकतं: ‘सैनिकांनी दोरी ओढून छत्र्या उघडल्या.’ मोठ्या तुकडीच्या उडीत कोणी काही ओढत नाही. सैनिकाच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो; अमेरिकेच्या जुन्या टी-१० छत्रीत तो १५ फुटांचा असे. सैनिक बाहेर पडला की पट्टा ताणला जातो आणि छत्री आपोआप बाहेर खेचली जाते. सैनिकाने फक्त काही सेकंद (टी-१०मध्ये चार) मोजायचे, वर पाहायचं, आणि छत्री फुलली नसेल तर छातीवरची राखीव छत्री उघडायची. हजार फुटांवरून सेकंदाला सुमारे २२ फुटांनी उतरताना हाती जेमतेम पाऊण मिनिट असतं. एखादी दोरी कापडावरून पलीकडे गेली तर छत्रीचे दोन फुगे होतात आणि वेग वाढतो. कापड वळकटीसारखं लांबच राहिलं तर ब्रिटिश सैनिक त्याला ‘रोमन कँडल’ (शोभेच्या दारूची एक नळी) म्हणत. ब्रिटिशांच्या महायुद्धातल्या एक्स छत्रीत आधी दोऱ्या सुटत आणि मग कापड, म्हणून झटका सौम्य. अमेरिकी टी-५मध्ये कापड आधी, म्हणून झटका हाडं खिळखिळी करणारा.

नवा शब्द करायचाच असेल तर तो संस्कृतात जवळजवळ तयार आहे. छत्र हे ‘छद्’ म्हणजे झाकणं यापासून. पण सैनिकी छत्री काही झाकत नाही. ‘आतपत्र’ बघा: आतपापासून म्हणजे उन्हापासून त्राण करणारं. हा हुबेहूब पॅरासोल! तनुत्र, अंगुलित्र हेही त्याच घडणीचे. याच चालीवर पतनापासून राखणारं ते ‘पतनत्र’. पॅराशूटशी इतका नेमका जुळणारा शब्द दुसरा होणार नाही. शिवाय शेजारी ‘पतत्र’ आधीच उभा आहे, अर्थ पंख. संस्कृत ‘पत्’ म्हणजे पडणं आणि उडणंही. त्याच मूळ धातूचं ग्रीक रूप ‘प्टेरॉन’, पंख, आणि हेलिकॉप्टरमधला ‘प्टर’ तोच. ‘पतनत्र’ अवघड वाटतो, ही तक्रार मान्य नाही. ‘पादत्राण’ आणि ‘शिरस्त्राण’ आपण सहज वाचतो.

तोवर ‘छत्रीसैनिक’ लिहावं, तेही खरोखर छत्रीने उतरलेल्यांनाच. १० मे १९४० रोजी बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्याच्या छतावर उतरलेले जर्मन सैनिक ग्लायडरमधून आले होते, उडी कोणीच घेतली नव्हती. त्यांना ‘हवाई मार्गाने उतरलेले’ म्हणावं. ११ डिसेंबर १९७१ रोजी आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला उतरलेल्या भारताच्या २ पॅरा बटालियनच्या, म्हणजे पूर्वीच्या ३ मराठाच्या, जवानांना मात्र ‘छत्रीसैनिक’ हेच बरोबर.