रेटिंग नऊ की सात? घर घेण्याआधी मिडल स्कूल कसं पारखायचं

*ताई, आम्ही जर्सी सिटीतून बाहेर पडतोय. मुलगी सप्टेंबरमध्ये सहावीत जाईल. न्यू जर्सीतल्याच मिडलसेक्स काउंटीत दोन घरं मनात भरली आहेत. एकाच्या मिडल स्कूलला (सहावी ते आठवी) १० पैकी ९ रेटिंग आहे, दुसऱ्याच्या ७. नऊवालं घर आमच्या आवाक्याच्या बरंच वर जातंय. नवरा म्हणतो, मुलीच्या शिक्षणात काटकसर नको. मला तर रात्र-रात्र झोप लागत नाही. काय करू?*

आधी थोडं ओझं उतरवते. नऊ आणि सात हा दोन शाळांमधला फरक असेलच असं नाही. पुष्कळदा तो दोन वस्त्यांमधला फरक असतो. झिलो किंवा रेडफिन या घरविक्रीच्या साइटवर घराच्या माहितीत दिसणारा १ ते १० मधला आकडा ग्रेटस्कूल्स या शाळांना रेटिंग देणाऱ्या संस्थेचा असतो. त्यात राज्याच्या परीक्षेतल्या गुणांचा मोठा वाटा आहे, आणि हे गुण आईवडिलांचं शिक्षण आणि मिळकत यांच्याशी घट्ट बांधलेले आहेत. दोघंही इंजिनिअर, घरात पुस्तकं, आठवड्यातून दोनदा कुमॉनची शिकवणी, अशा घरांतली मुलं जिथे जास्त, तिथे आकडा चढाच राहणार. शाळेने स्वतः काय शिकवलं ते त्यातून फारसं कळत नाही. आणि त्या दोन आकड्यांच्या फरकापायी तुम्ही तीस वर्षं हप्ता भरणार आहात.

नवऱ्याची काळजी खरी आहे, तिला उत्तरही खऱ्या माहितीनेच द्यायला हवं. न्यू जर्सीचं शिक्षण खातं प्रत्येक सरकारी शाळेचा ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ काढतं. तो फुकट आहे, सगळ्यांना खुला आहे. दोन्ही शाळांचे रिपोर्ट शेजारी-शेजारी उघडा आणि सरळ ‘स्टुडंट ग्रोथ’वर जा. गेल्या वर्षी साधारण तेवढेच गुण मिळालेल्या राज्यभरच्या मुलांशी तुलना करून, या वर्षी मूल किती पुढे सरकलं, हे त्यात १ ते ९९ मध्ये मोजतात आणि शाळेचा मधला आकडा देतात. ३५ ते ६५ म्हणजे सर्वसाधारण, ६५च्या वर म्हणजे चांगली वाढ. सातवाल्या शाळेत हा आकडा ६८ निघाला आणि नऊवालीत ४६, तर मी सातवालीकडे जास्त आदराने बघेन. तिथले शिक्षक मुलांना खरोखर पुढे नेतायत.

त्याच रिपोर्टमध्ये एक जागा अशी आहे जिथे आपले हुशार आईबाप हमखास फसतात. आठवीच्या गणिताचा निकाल बघितला की छातीत धस्स होतं, इतका तो खाली दिसतो. कारण असं की आठवीतच अल्जेब्रा वन (हायस्कूलचं पहिलं बीजगणित) घेणारी मुलं राज्याचा आठवीच्या गणिताचा पेपर देतच नाहीत, ती अल्जेब्रा वनचा पेपर देतात. शाळेतली गणितात तरबेज मुलं त्या आकड्यातून आधीच बाहेर गेलेली असतात. म्हणून दोन्ही ओळी एकत्र वाचा: आठवीतल्या किती मुलांनी अल्जेब्रा वनचा पेपर दिला आणि त्यांचं काय झालं. ही संख्या शाळेबद्दल रेटिंगपेक्षा पुष्कळ जास्त सांगते.

गणितावर मी जरा जास्तच थांबणार आहे, कारण मिडल स्कूलमध्ये पुढे सगळ्यात लांबवर परिणाम करणारा निर्णय हाच असतो. आठवीत अल्जेब्रा वन झालं की नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत कॅल्क्युलस असा रस्ता सरळ लागतो. नाही झालं तरी रस्ता बंद होत नाही, पुष्कळ हायस्कुलांत एका वर्षी दोन गणितं घेता येतात, पण ओढाताण होते. आणि आठवीतली ती जागा बऱ्याच ठिकाणी पाचवीच्या शेवटी, सहावीच्या वर्गवारीच्या वेळीच ठरत जाते. तुमची मुलगी पाचवी दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सरकारी शाळांच्या दुसऱ्या विभागात, संपवणार; त्यामुळे वर्गवारीची ती प्लेसमेंट टेस्ट तिच्या हातून निसटण्याची भीती आहे. शाळेच्या गायडन्स ऑफिसला ईमेल करून स्पष्ट विचारा: उन्हाळ्यात नव्याने आलेल्या मुलांची टेस्ट कधी घेता? आधीच्या शाळेचे निकाल चालतात का? सहावीत साध्या वर्गात गेलेलं मूल सातवीत वरच्या वर्गात जाऊ शकतं का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, आणि असं असं होतं’ असं उत्तर आलं, तर ती शाळा मुलांना अकराव्या वर्षी कप्प्यांत बंद करत नाही एवढं नक्की समजा.

आता पत्त्याविषयी. ज्या घरावर जीव जडलाय ते त्याच शाळेच्या हद्दीत आहे, हे घरांच्या साइटवरून गृहीत धरू नका. पोस्टाचा पत्ता आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्त्यात प्रिन्स्टन ०८५४० लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात वेस्ट विंडसरमध्ये, लॉरेन्समध्ये किंवा साउथ ब्रन्सविकमध्ये असतात, आणि त्यांची मुलं प्रिन्स्टनच्या सरकारी शाळेत जात नाहीत. एकाच गावात घर असलं तरी प्रश्न सुटत नाही. एडिसनमध्ये चार मिडल स्कुलं आहेत. जॉन ॲडम्स आणि वुड्रो विल्सनची मुलं जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात, हर्बर्ट हूवर आणि थॉमस जेफरसनची एडिसन हायस्कूलला. म्हणजे आज मिडल स्कूल निवडताना तुम्ही नववीही निवडताय. एजंटला ‘शाळा चांगली आहे का हो?’ विचारलंत तर तो बहुतेक बोलायचं टाळेल. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार गिऱ्हाइकाचा वंश किंवा धर्म बघून त्याला ठरावीक वस्तीकडे वळवणं बेकायदा आहे, आणि शाळेबद्दलचं मत त्या अंगाने जाऊ शकतं. म्हणून डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला पूर्ण पत्ता, घर नंबरासकट, ईमेलने पाठवा. उत्तर लेखी घ्या. हद्दी बदलण्याची चर्चा चालू आहे का, हेही त्याच पत्रात विचारा. शाळा भरली की सीमारेषा हलतात, आणि बोर्डाच्या मीटिंगची इतिवृत्तं डिस्ट्रिक्टच्या साइटवर कोणालाही वाचता येतात.

काउंटीकडेही लक्ष असू द्या. मिडलसेक्स, मॉनमथ, बर्गन अशा काउंट्यांच्या आपापल्या मॅग्नेट शाळा (निवड करून प्रवेश देणारी, खास विषयांची हायस्कुलं) आहेत, त्यांचे अर्ज आठवीत भरायचे असतात आणि काउंटीत राहणं ही अट असते. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा एकच डिस्ट्रिक्ट, पण प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये आणि वेस्ट विंडसर मर्सरमध्ये. एका डिस्ट्रिक्टमधल्या दोन मैत्रिणींना वेगवेगळ्या मॅग्नेट शाळांचे अर्ज भरावे लागतात.

आता शाळेच्या बसचं. दोघंही नोकरी करत असाल तर हा प्रश्न रेटिंगच्या आधी यायला हवा. आठवीपर्यंतच्या मुलांचं घर शाळेपासून दोन मैलांहून लांब असेल तर डिस्ट्रिक्टला बसची सोय करावी लागते. दोन मैलांच्या आत असलात तर काही ठिकाणी पैसे भरून मिळते, काही ठिकाणी मिळतच नाही. ऑर्केस्ट्रा किंवा सायन्स ऑलिम्पियाडसाठी मुलगी थांबणार असेल, तर ‘लेट बस’, म्हणजे शाळा सुटल्यानंतर उशिरा सुटणारी बस, आहे का तेही विचारा. ती नसली की असल्या गोष्टी ज्याची आई दुपारी मोकळी आहे त्याच्याच वाट्याला येतात.

दादागिरीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण सहावीत नव्या गावात जाणाऱ्या मुलीच्या आईच्या मनात ते असतंच. न्यू जर्सीत २०११ पासून यासाठी कडक कायदा आहे. प्रत्येक शाळेत एक अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट नेमावा लागतो आणि शाळेला या कामाचे किती गुण मिळाले ते साइटवर लावावं लागतं. नोंदवलेल्या घटनांचा आकडा शून्य असला तर मी मात्र निश्चिंत होत नाही. शेकडो अकरा-तेरा वर्षांची मुलं एका इमारतीत वर्षभर राहतात आणि काहीच घडत नाही, हे पटण्यासारखं नाही. थोड्या घटना नोंदवून चौकशी करणारी शाळा मला जास्त विश्वासाची वाटते.

नऊ-दहा रेटिंगच्या शाळांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये २०१५ साली सुपरिंटेंडंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद झाल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या गेल्या. त्यावरून पालकांत उघड दोन तट पडले. बदलाला विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक पुष्कळ होते. आपण त्याच पालकांपैकी आहोत. शाळा निवडताना एखाद्या दुपारी, शाळा सुटल्यावर, त्या गावाच्या लायब्ररीत मुलीला घेऊन बसा. सातवी-आठवीतली मुलं एकमेकांशी काय बोलतात ते कानावर पडू द्या. सारखं कोणाला किती मार्क, कोण कुठल्या गणितात, एवढंच ऐकू येत असेल, तर ‘तुला इथे कसं वाटेल?’ असं मुलीला विचारा. तिच्या उत्तराला रेटिंगइतकंच वजन द्या.

सगळं जमून आलं आणि सातवाल्या शाळेची वाढ चांगली निघाली, तर ते घर घ्या. उरलेल्या पैशांत तिची व्हायोलिन-शिकवणी आणि तुमची झोप दोन्ही बसेल. वाढ दोन्हीकडे सारखीच असेल तरीही मी स्वस्त घराच्याच बाजूने आहे. नऊवालीची वाढ सरस निघाली आणि गणिताचा रस्ताही मोकळा दिसला, तरच बजेट ताणायचा विचार करा.

नाव घालायला जाल तेव्हा भाड्याचा करार किंवा घराची कागदं, विजेचं बिल आणि लसींची नोंद लागेल. सहावीसाठी टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लस सक्तीची आहे, डॉक्टरांची वेळ आधी घेऊन ठेवा. फॉर्ममध्ये घरी कोणती भाषा बोलता हा प्रश्न येईल. मुलीला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात टाकतील या धास्तीने बरेच आईवडील तिथे ‘इंग्लिश’ लिहितात. तुम्ही मराठी लिहा. त्यानंतर शाळा तिचे आधीचे निकाल बघते, गरज वाटलीच तर ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांची एक छोटी चाचणी घेते. जर्सी सिटीत पाचवी केलेल्या मुलीला त्यात अडचण यायचं कारण नाही.